'फुल्ली सिंथेटिक' इंजिन ऑइल म्हणजे नेमकं काय? डब्यातलं बेस ऑइल समजून घ्या, मगच जास्तीचे पैसे मोजा

मुंबई उपनगर : गाडीचं ऑइल बदलायला गेलं की गॅरेजवाल्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. "साधं टाकू का फुल्ली सिंथेटिक?" सिंथेटिकचा डबा साध्याच्या बरेचदा दुप्पट किमतीला पडतो. अंधेरी-बोरिवलीत रिक्षा चालवणाऱ्याला हा खर्च दर महिन्याला येतो, तर गावी मोटारसायकल, ट्रॅक्टर वापरणाऱ्याला वर्षातून दोन-चार वेळा. पण या जास्तीच्या पैशात डब्यात वेगळं काय मिळतं, ते दुकानदारालाही धड सांगता येत नाही. डब्यावरही लिहिलेलं नसतं. म्हणून ही माहिती.

इंजिन ऑइलच्या डब्यात साधारण ७५ ते ९० टक्के भाग असतो तो बेस ऑइलचा, म्हणजे मूळ तेलाचा. उरलेल्या भागात मळ धुणारी, गंज रोखणारी, झीज कमी करणारी आणि तेलाचा दाटपणा सांभाळणारी रसायनं असतात, त्यांना अॅडिटिव्ह म्हणतात. वरणात पाणी किती आणि मसाला किती, तसाच हा प्रकार. 'सिंथेटिक' हा शब्द मूळ तेलाबद्दल असतो, मसाल्याबद्दल नाही. हे लक्षात राहिलं तर पुढचा निम्मा गोंधळ मिटतो.

बेस ऑइलचे पाच गट

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे डब्यावर ज्याचं 'एपीआय' असं नाव असतं, त्या संस्थेने बेस ऑइलचे पाच गट पाडले आहेत. जगभर हेच गट चालतात.

पहिल्या तीन गटांचं तेल जमिनीतल्या कच्च्या तेलातून येतं. ग्रुप एक म्हणजे जुन्या पद्धतीचं. कच्च्या तेलाचा जड भाग घ्यायचा, द्रावक वापरून त्यातला नको तो भाग आणि मेण वेगळं काढायचं, बास. यात गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त राहू शकतं आणि स्थिर, म्हणजे 'सॅच्युरेटेड' रेणूंचं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली असू शकतं. ग्रुप दोनमध्ये हायड्रोजन वायूचा मारा करून तेल स्वच्छ केलेलं असतं. गंधक ०.०३ टक्के किंवा त्याहून कमी, सॅच्युरेटेड रेणू ९० टक्के किंवा जास्त. ग्रुप तीनला स्वच्छतेची अट तीच, फक्त 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स' १२० किंवा त्याच्या वर पाहिजे. पहिल्या दोन गटांत हा आकडा ८० ते १२० च्या दरम्यान असतो.

व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणजे काय, तर तापमान बदललं की तेलाचा दाटपणा किती बदलतो त्याचं माप. आकडा जेवढा मोठा, तेवढा दाटपणा कमी बदलतो. इंजिन गार असताना तेल लवकर वर चढतं आणि इंजिन तापल्यावरही पार पाण्यासारखं पातळ होत नाही.

ग्रुप चार म्हणजे पॉलिअल्फाओलेफिन, थोडक्यात पीएओ. हे शुद्ध करून काढलेलं तेल नाही, कारखान्यात जोडून बनवलेलं आहे. इथिलीन वायूपासून ठरावीक लांबीचे रेणू तयार करतात, त्यातले दोन-चार एकत्र जोडतात आणि शेवटी हायड्रोजन देऊन स्थिर करतात. सगळे रेणू जवळपास एका साच्यातले, मेणाचा पत्ताच नाही. अर्थात इथिलीनसुद्धा तेल किंवा नैसर्गिक वायूपासूनच येतं. तेव्हा 'सिंथेटिक म्हणजे खनिज तेलाशी काही संबंध नाही' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

वरच्या चारात न बसणारं सगळं ग्रुप पाचमध्ये. त्यातला कामाचा प्रकार एस्टर. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र करून तो बनतो. धातूला चिकटून राहतो, खूप उष्णता सोसतो, म्हणून विमानाच्या जेट इंजिनात एस्टरचं तेल असतं. आपल्या शेतातलं एरंडेलही निसर्गाने बनवलेलं एस्टरच. पूर्वी ते विमानाच्या आणि शर्यतीच्या इंजिनात सर्रास वापरत. 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच, कॅस्टरवरून, १९०९ साली पडलं.

हे तेल आपल्याच जिल्ह्यात बनतं

मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके. घाटकोपर, मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात आणि चेंबूरजवळचं माहुलही त्याच तालुक्यात. माहुलच्या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ पासून चालू आहेत. एक पूर्वीच्या एस्सो कंपनीची, ती पुढे १९७४ साली हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. दुसरी बर्मा-शेलची, ती सरकारने १९७६ साली ताब्यात घेतली आणि १९७७ पासून भारत पेट्रोलियम या नावाने चालते.

हिंदुस्थान पेट्रोलियमची इथली ल्यूब रिफायनरी देशातली सगळ्यात मोठी गणली जाते. तिची क्षमता वर्षाला ४ लाख २८ हजार टन बेस ऑइलची. शेजारी भारत पेट्रोलियमने २००६ साली हायड्रोजनच्या नव्या तंत्राचा बेस ऑइल प्रकल्प सुरू केला आणि वरच्या दर्जाचं बेस ऑइल माहुलमध्येच निघायला लागलं. तिकडे अंधेरी पूर्वेला कॅस्ट्रॉल इंडिया आणि गल्फ ऑइल ल्युब्रिकंट्स या दोन मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं आहेत. म्हणजे तेल कुर्ला तालुक्यात निघतं आणि विकणारे अंधेरी तालुक्यात बसतात. सगळंच तेल इथलं असतं असं मात्र नाही. बेस ऑइल परदेशातूनही भरपूर येतं, त्यात ग्रुप तीनसाठी दक्षिण कोरियाचं नाव मोठं.

माहुलच्या नव्या प्रकल्पासारख्या ठिकाणी काय करतात ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण 'सिंथेटिक'चा सगळा वाद इथेच सुरू होतो. कच्च्या तेलाचा जड भाग प्रचंड दाबाखाली, चारशे अंशांच्या आसपास तापवून, हायड्रोजनबरोबर उत्प्रेरकावरून सोडतात. मोठे, वेडेवाकडे रेणू फुटतात आणि नव्याने जुळतात. गंधक निघून जातं. राहिलेलं मेण जुन्या पद्धतीत गोठवून गाळून काढत, नव्या पद्धतीत त्या मेणाच्या रेणूंचाच आकार बदलतात, म्हणजे ते गोठत नाहीत आणि तेलातच कामाला येतात. शेवटी पाण्यासारखं स्वच्छ तेल बाहेर पडतं. आता प्रश्न असा की कच्च्या तेलातून आलेल्या, पण रेणूच बदलून टाकलेल्या या तेलाला 'शुद्ध केलेलं' म्हणायचं का 'बनवलेलं'?

१९९९ चा निकाल, ज्यामुळे शब्दाचा अर्थ बदलला

१९७४ साली मोबिल कंपनीने 'मोबिल १' बाजारात आणलं. तेव्हापासून बरीच वर्षं गाडीचं सिंथेटिक ऑइल म्हटलं की पीएओ किंवा एस्टर, असाच अर्थ धरला जाई. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या 'सिंटेक' या सिंथेटिक ऑइलमधलं पीएओ काढून त्याजागी ग्रुप तीनचं तेल वापरायला सुरुवात केली. ते पीएओपेक्षा स्वस्त. डब्यावरचा 'सिंथेटिक' शब्द मात्र तसाच राहिला. मोबिलने तक्रार केली. प्रकरण कोर्टात नाही, तर जाहिरातींचे वाद मिटवणाऱ्या तिथल्या एका संस्थेपुढे गेलं, नॅशनल अॅडव्हर्टायझिंग डिव्हिजन नावाच्या. १९९९ साली तिने सांगितलं की कॅस्ट्रॉलच्या दाव्याला पुरेसा आधार आहे. रेणूंची रचना एवढी बदलली असेल तर त्याला सिंथेटिक म्हणता येतं.

त्यानंतर एकेक करत बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आज आपल्या बाजारात 'फुल्ली सिंथेटिक' म्हणून मिळणाऱ्या डब्यांत मुख्यतः ग्रुप तीनचंच तेल असतं. जर्मनीत मात्र 'पूर्ण सिंथेटिक' हा शब्द पीएओ-एस्टरसाठी राखलेला आहे, ग्रुप तीनच्या डब्यावर तिकडे वेगळा शब्द छापतात. म्हणजे तेच तेल एका देशात पूर्ण सिंथेटिक ठरतं, दुसऱ्या देशात नाही.

ही फसवणूक आहे का? आमच्या मते नाही, पण अर्धवट माहिती नक्कीच आहे. गिऱ्हाइकाला वाटतं आपण प्रयोगशाळेत बनवलेल्या तेलाचे पैसे देतोय, आणि डब्यात असतं उत्तम शुद्ध केलेलं खनिज तेल. 'सेमी सिंथेटिक'चं तर विचारूच नका. त्यात चांगलं तेल किती टक्के, हे त्या शब्दावरून कळायचा काही मार्ग नाही.

मग फरक पडतो तरी किती?

पीएओची सगळ्यात मोठी कमाई थंडीतली. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, तसंच मेण असलेलं मोटर ऑइलही कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. पीएओ शून्याखाली ५०-६० अंशांपर्यंतही वाहतं राहतं. ग्रुप तीनचं नुसतं बेस ऑइल उणे १५-२० अंशांच्या आसपास अडायला लागतं, पण गोठू न देणारं रसायन घातलं की तयार ऑइल त्याच्याही बरंच खाली काम देतं. आता आपल्याकडचं बघा. सांताक्रूझच्या वेधशाळेतली नीचांकी नोंद आहे ७.४ अंशांची, तीही २२ जानेवारी १९६२ ची. लडाखला गाडी नेणार असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर बोरिवलीतच काय, महाबळेश्वरातही या गुणाचा उपयोग होत नाही.

आपल्याला उपयोगी गुण दोन. एक, तापल्यावर तेल उडून न जाणं. यासाठी 'नोआक' नावाची चाचणी आहे. तेल २५० अंशांवर एक तास ठेवायचं आणि किती टक्के उडालं ते मोजायचं. एपीआयच्या नव्या पेट्रोल दर्जात, उदाहरणार्थ एसपी, पातळ ग्रेडसाठी १५ टक्क्यांची मर्यादा आहे, तर युरोपच्या बऱ्याच दर्जांत १३ टक्क्यांची. सारख्या दाटपणाचं पातळ तेल घेतलं तर ग्रुप एक आणि दोनचं तेल जास्त उडतं, ग्रुप तीन आणि पीएओ बरंच कमी, आणि या दोघांतला फरक थोडाच. दुसरा गुण म्हणजे ऑक्सिडेशन न होणं, म्हणजे उष्णतेने तेल आंबून घट्ट न होणं. इथेही ग्रुप एकपेक्षा ग्रुप तीन खूप पुढे, आणि ग्रुप तीनपेक्षा पीएओ थोडं पुढे. साकीनाक्याच्या किंवा घाटकोपरच्या एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुपारी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तासभर रखडणाऱ्या इंजिनाला हेच दोन गुण लागतात.

पीएओला स्वतःच्या अडचणीही आहेत. अॅडिटिव्ह त्यात नीट विरघळत नाहीत, आणि नुसतं पीएओ रबरी सील थोडी आकसवतं. म्हणून त्यात एस्टरसारखं काहीतरी मिसळावंच लागतं. 'सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळते' ही समजूत त्या सुरुवातीच्या काळातली. आजच्या ऑइलला ती तशी लागू नाही. सील आधीच झिजलेलं असेल तर पातळ ग्रेडचं ऑइल तिथून लवकर झिरपेल, एवढंच.

एक चौथा प्रकारही बाजारात आहे, जीटीएल. वायूपासून तेल बनवायची ही रीत फिशर आणि ट्रॉप्श या दोन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात जर्मनीत शोधली. शेल कंपनीने कतारमध्ये त्याचा प्रचंड कारखाना उभारला आणि तिथलं उत्पादन २०११ मध्ये सुरू झालं. तेल चक्क वायूपासून बनवलेलं, तरी एपीआयच्या वाटणीत ते ग्रुप तीनमध्येच बसतं. गट हे मोजमापावर ठरतात, तेल कशापासून आलं यावर नाही.

मोबाइलवर कसं तपासायचं?

रंग, वास, बोटावर घेऊन चोळणं, कागदावर थेंब टाकणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, असल्या व्हिडिओंवरून बेस ऑइल कळत नाही. तांबडा रंग तर नुसता रंग टाकून येतो. पोअर पॉइंट किंवा 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स १६०' असा आकडा दाखवून कुणी पटवत असेल तर तेही पुरेसं नाही, कारण तो तयार ऑइलचा असतो आणि त्यात रसायनांचा हात असतो.

थोडी खात्रीची वाट एकच. कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑइलची 'सेफ्टी डेटा शीट' मिळते. तिसऱ्या भागात घटक आणि त्यांचे कॅस क्रमांक असतात. ६८०३७-०१-४ हा क्रमांक दिसला तर ते पीएओ. ८४८३०१-६९-९ म्हणजे जीटीएल. ६४७४२-५४-७ किंवा ७२६२३-८७-१ म्हणजे हायड्रोजनने शुद्ध केलेलं खनिज तेल, ते ग्रुप दोन असू शकतं किंवा तीन. ६४७४२-६५-० हे द्रावकाने मेण काढलेलं, जुन्या धाटणीचं. टक्केवारी मोघम असते आणि सगळेच घटक दिलेले असतील असं नाही, पण डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा हे बरं.

बेस ऑइलपेक्षा आधी बघायच्या गोष्टी

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तीन गोष्टी असतात: ग्रेड, एपीआय किंवा युरोपियन दर्जा, आणि दुचाकी असेल तर 'जासो'चं अक्षर. या तीन जुळल्या नाहीत तर जगातलं सगळ्यात महागडं पीएओसुद्धा चुकीचंच.

मोटारसायकलचं बघा. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याला जासो एमए किंवा एमए२ लागतं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं रसायन असतं, ते गेलं की क्लच घसरतो. आमच्या एका बाइकमध्ये एका गॅरेजवाल्याने 'एकदम भारी' म्हणून कारचं सिंथेटिक ओतलं होतं. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. पुन्हा ऑइल बदललं, पैसे दोनदा गेले. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला बऱ्याचदा एमबी चालतं.

बीएस६ डिझेल गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, धुराड्यात काजळी गाळणारा फिल्टर असेल तर कमी राख सोडणारं ऑइल लागतं, सी३ सारख्या दर्जाचं. ही राख अॅडिटिव्हमधून येते. तिथे बेस ऑइल कोणतं हा प्रश्न दुसरा. चुकलं तर फिल्टर तुंबतो, आणि तो बदलायचा खर्च ऑइलच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

ग्रेडवरूनही बेस ऑइलचा अंदाज येतो. ०डब्ल्यू-२० असं लिहिलेलं ऑइल साध्या ग्रुप एकच्या तेलातून जमतच नाही. तुमच्या नव्या कारच्या पुस्तकात हा ग्रेड असेल तर तुम्ही सिंथेटिकच घेताय, मग निवडीचा प्रश्न फक्त कंपनीचा. उलट २०डब्ल्यू-५० किंवा ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० साध्या बेस ऑइलातून उत्तम बनतं.

रिक्षावाल्याचा हिशोब

हिशोबापुरतं धरू, की साधं ऑइल ४०० रुपयांना आणि सिंथेटिक ८०० ला. रिक्षा रोज १०० किलोमीटर धावते, म्हणजे महिन्याला ३ हजार. ऑइल दर ३ हजारांना बदलत असाल तर साध्याचे वर्षाला ४,८०० रुपये, सिंथेटिकचे ९,६००. सिंथेटिक टाकून ते ६ हजार किलोमीटर चालवलं तरच दोन्ही बरोबरीत येतात. पण तेवढं चालवायला गाडीच्या पुस्तकाची परवानगी पाहिजे. नसेल आणि वॉरंटीच्या काळात इंजिन बसलं तर कंपनी हात वर करू शकते. महागडं ऑइल घ्यायचं आणि मेकॅनिकच्या सांगण्यावरून साध्याइतक्याच लवकर फेकायचं, हे सगळ्यात तोट्याचं, आणि सगळ्यात जास्त तेच होतं.

सिंथेटिकचे पैसे वसूल होतात ते पुस्तकातच ते सांगितलेलं असेल तेव्हा, टर्बो इंजिनात, किंवा ऊन आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन कायम तापत असेल तेव्हा. गावातल्या गावात फिरणाऱ्या १०० सीसीच्या गाडीला योग्य ग्रेडचं साधं ऑइल वेळेवर बदललं तरी पुरतं. या गाड्यांत जेमतेम लिटरभर ऑइल मावतं, त्यामुळे पातळी कमी झालेली चालत नाही. दर आठवड्याला पट्टी काढून बघा. ऑइल कमी पडलं आणि हातात दुसऱ्या कंपनीचं, पण त्याच ग्रेड-दर्जाचं असेल तर टाका. साधं आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, इंजिनाला अपाय होत नाही. ऑइल काळं झालं म्हणजे बाद झालं असंही नाही, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

नकली डब्यांपासून सांभाळा. रिकामे डबे गोळा करून त्यात भलतंच तेल भरून विकलं जातं, आणि मग ग्रुप तीन का चार हा विचारच फुकट. सील समोर फोडायला सांगा, बिल घ्या, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, आणि ऑइल ओतून झालं की डब्याला जागच्या जागी भोक पाडा.

निघालेलं काळं तेल गटारात, ओढ्यात ओतू नका. गावाकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात, पण विहिरीजवळ तेही नको, पावसाने ते जमिनीत उतरतं. वापरलेलं तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल कंपन्यांवरही टाकलेली आहे. जवळच्या गॅरेजमध्ये पिंप असेल तर तिथे द्या. शुद्ध झालं की त्यातून पुन्हा बेस ऑइलच निघतं.